जुन्या बाजारातलं १६ मिमी रीळ: 'पोलो, सोलापूर, सप्टें. ४८'. यातल्या गाड्या ओळखता येतील का?

खडकीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या मामानं मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून १६ मिमीचं एक रीळ उचललं. पत्र्याच्या डब्यावर पेन्सिलीनं लिहिलंय, 'पोलो, सोलापूर, सप्टें. ४८'. ओळखीच्या एकाकडून ते स्कॅन करून घेतलं. मूकपट, कृष्णधवल, जेमतेम चार मिनिटांचा. हैदराबादची कारवाई, म्हणजे 'ऑपरेशन पोलो', १३ ते १८ सप्टेंबर १९४८ ला झाली, आणि ती सदर्न कमांडच्या अखत्यारीत, म्हणजे पुण्यातूनच हलली. त्यामुळे मामा हवेत आहे.

मला मात्र यात काहीतरी गडबड वाटते. सुरुवातीला सपाट माळावरून ट्रकांचा ताफा जातो. या ट्रकांची पुढची काच वरून पुढे कललेली आहे, असली काच मी कधी पाहिलेली नाही. मग एक जीप येते, काच बॉनेटवर पाडलेली, आत चौघे. त्यानंतर अचानक चिखल आणि गच्च झाडी, त्यातून एक विचित्र रणगाडा: मोठी तोफ पोटातून निघालेली आणि वर छोटा बुरूज. मग चार चाकांची पत्र्याच्या पेटीसारखी चिलखती गाडी. शेवटी गोल नाकाचा मोठा ट्रक आणि त्याच्या सावलीत चहा पिणारे जवान.

चौकटी खाली डकवल्या आहेत. जाणकारांनी डोळे फोडावेत.

रणगाडाप्रेमी

झकास धागा! वाखु (वाचनखूण) साठवली.

ताफा सोपा आहे. ते कॅनेडियन मिलिटरी पॅटर्नचे ट्रक, फोर्ड आणि शेवरोले दोघांनीही बनवलेले. दुसऱ्या महायुद्धात कॅनडानं आठ लाखांहून जास्त लष्करी गाड्या बाहेर काढल्या, त्यात या जातीचा मोठा वाटा. त्यांच्या कॅबना क्रमांक आहेत: ११, १२ आणि १३. पुढे कललेली काच म्हणजे तेरावी कॅब. काच तशी कलवली की सूर्याची चमक वर आकाशाकडे जात नाही, विमानातून ताफा चटकन दिसत नाही. ही कॅब १९४२ च्या सुमाराला रुळली. म्हणजे तुमचं पहिलं दृश्य त्याच्या आधीचं नाही.

रणगाडा अमेरिकन एम३ ली. दुसरा असूच शकत नाही. बाकीचं रात्री लिहितो.

शौर्य_७१

ही १९७१ ची क्लिप आहे. मला ग्रुपवर आली होती, 'लोंगेवाला दुर्मिळ चित्रण' म्हणून. जय हिंद 🇮🇳

शंकेखोर

लोंगेवाल्यात गच्च झाडी आणि चिखल?

खडकीकर

शौर्य, हे रीळ मागच्या आठवड्यापर्यंत डब्यात बंद होतं हो, ग्रुपवर कुठून येणार? तुम्हाला आलेली क्लिप वेगळी असेल.

रणगाडाप्रेमी

लोंगेवाल्याला पाकिस्तानकडे होते चिनी टाइप ५९, म्हणजे रशियन टी-५४ चा चिनी भाऊ. त्याची चाकं मोजा: एका बाजूला पाच मोठी, आणि पहिल्या व दुसऱ्या चाकात ठळक फट. आपल्या टी-५५ लाही तश्शीच फट. म्हणून १९७१ च्या चित्रणात 'आपला की त्यांचा' हा घोळ कायम होतो. बुरुजावर बघायचं. टाइप ५९ ला हवा खेळवणारा छोटा घुमट असतो, टी-५५ ला तो नाही. टी-६२ मध्ये फटी मागच्या चाकांत सरकतात. पूर्व आघाडीवर गरीबपूरला आपले पीटी-७६ होते, होडीसारख्या नाकाचे, आणि समोर अमेरिकन शॅफी.

खडकीकरांच्या तिसऱ्या चौकटीत लहान चाकं आहेत, दोन-दोनच्या जोडीनं, अशा तीन जोड्या. ही ली, ग्रांट आणि शर्मन या घराण्याची ठेवण. १९७१ चा प्रश्नच नाही.

शंकेखोर

गंमत म्हणून तीच चौकट एआयला दाखवली. म्हणे जर्मन टायगर, ९२ टक्के खात्री.

रणगाडाप्रेमी

टायगरची चाकं मोठाली आणि एकमेकांवर चढलेली असतात. या रणगाड्याच्या पत्र्यावर रिव्हेट दिसताहेत मोजता येतील इतके. उरलेल्या ८ टक्क्यांवर भरवसा ठेवा.

आता लीबद्दल, कारण हे दृश्य या रिळातलं सोनं आहे. ७५ मिमीची मोठी तोफ अंगाच्या उजव्या बाजूला बसवलेली, ती पूर्ण फिरत नाही. वरच्या बुरुजात ३७ मिमीची. त्यावर आणखी एक छोटी टोपी, मशिनगनसाठी. ती टोपी असली की ली. ब्रिटिशांनी बुरूज बदलून घेतला, टोपी काढली आणि वायरलेससाठी बुरूज मागे लांबवला, तो ग्रांट. ब्रह्मदेशात मात्र बऱ्याच लीच्या टोप्या काढून टाकल्या होत्या, त्यामुळे टोपी नाही म्हणजे ग्रांट असा हिशेब तिथे चालत नाही. बुरुजाची मागची बाजू बघावी लागते. तुमच्या चौकटीत टोपी शाबूत आहे.

आफ्रिकेत हा रणगाडा १९४३ पर्यंत म्हातारा झाला होता. इतका उंच की लांबून निशाणी मिळते. पण जपान्यांकडे रणगाडा फोडायची साधनं तोकडी, आणि बंकर उडवायला ७५ मिमी उत्तम, म्हणून इंफाळ-कोहिमात त्यानं कमाल केली. १३ एप्रिल १९४४ ला नुंशिगुमच्या टेकडीवर थर्ड कॅराबिनियर्स या ब्रिटिश रेजिमेंटनं ली चढवले. सोबत डोग्रा पायदळ. जपान्यांना वाटलंच नव्हतं की त्या चढावर रणगाडा येईल. रणगाड्यांवरचे सगळे अधिकारी पडले आणि शेवटी एका सार्जंट मेजरनं हल्ला पुरा केला.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर १९४८ ला फर्स्ट आर्मर्ड डिव्हिजनचे शर्मन होते. चिखल, बांबू, ली: हा तुकडा ब्रह्मदेश आघाडीचाच.

सोलापुरी_चादर

सप्टेंबरात आमच्याकडं बी चिखल असतोय की. काळ्या रानातला चिखल बघितलाय का कधी, चप्पल आत राहती अन् माणूस बाहेर येतंय. पण बांबू नाही बे, बाभळी. तिसरं दृश्य आमच्याकडचं नाही, मान्य. पहिलं मात्र आमच्याकडचंच वाटतंय. ०:३१ ला डावीकडं दगडी पूल दिसतोय, तो नळदुर्गाकडचा असंल का? बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला म्हणून फौज पुढं सरकली, असं आमच्याकडं सगळ्यांना पाठ आहे.

गॅरेजवाला_नाना

जीपबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहितो. आयुष्य जीपा खोलण्यात गेलं.

खडकीकर, चौकट २ मध्ये स्टिअरिंग उजवीकडे आहे. युद्धातल्या विलीस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू झाडून सगळ्या डाव्या स्टिअरिंगच्या. उजवं स्टिअरिंग म्हटलं की आपल्याकडे महिंद्रा आठवते. विलीसच्या जीपा जोडायला ते १९४७ पासून लागले.

पण ही महिंद्राची नाही. जाळी बघा, उभ्या फटी नऊ आहेत. मुलकी सीजे जीपेला सात. दिवे जाळीच्या आत दबलेले आहेत, सीजेचे मोठे डोळे बाहेर आलेले असतात. मागे फळका नाही, सीजेला तो उघडतो. जीप युद्धकाळातली आणि स्टिअरिंग उजवीकडे, हे जुळत नाही.

शंकेखोर

नाना, कुणी बदलून घेतलं असेल स्टिअरिंग. पुण्यात काय वाट्टेल ते करून मिळतं.

गॅरेजवाला_नाना

स्टिअरिंग बदलता येईल हो. पण स्टेपनी बघा. एमबीला स्टेपनी मागे उजव्या हाताला आणि पेट्रोलचा कॅन डाव्या हाताला. इथे उलटं. फावडं-कुऱ्हाड बॉडीच्या डाव्या अंगाला, ड्रायव्हरच्या बाजूला लटकवलेली असतात. इथे उजव्या. पुढच्या डाव्या मडगार्डवर ब्लॅकआउटचा एक जादा दिवा असतो, तोही इथे उजवीकडे गेलाय. स्टिअरिंग हलवायला आलेला मिस्त्री फावड्याचे क्लिप आणि दिवा हलवत बसत नाही.

चौकट आरशात बघा.

खडकीकर

नाना!! चौकट आडवी उलटवली आणि सगळं जागेवर आलं. बॉनेटवरचा नंबरही. इंग्रजी एम आरशातही एमच दिसतो, म्हणून मला आधी काही खटकलंच नव्हतं. त्याच्या पुढचा सात उलटा होता. आता नीट वाचता येतोय.

रणगाडाप्रेमी

नाना, दंडवत.

एम म्हणजे ब्रिटिश पद्धतीत हलक्या मोटारी, जीपा त्यातच यायच्या. जड लॉऱ्यांना एल, चिलखती मोटारींना एफ, रणगाडे आणि साखळीवाल्यांना टी. टी सुद्धा आरशात तसाच राहतो, म्हणून उलट्या चित्रणात भलेभले फसतात. लीची तोफ मी याच कारणासाठी तपासली. समोरून पाहताना ती आपल्या डाव्या हाताला दिसायला हवी, आणि तशीच आहे. तिसरं दृश्य सुलटं आहे.

पण मग रिळात एकच दृश्य उलटं कसं?

रिळवाली

इथे माझं काम आलं. लॉ कॉलेज रस्त्यावर चित्रपट संग्रहालयात थोडे दिवस उमेदवारी केली आहे, हात अजून सवयीचे आहेत.

१६ मिमीच्या मूक फितीला दोन्ही कडांना भोकं असतात. तुकडा चिकटवताना पालथा पडला तरी प्रोजेक्टरमधून सुरळीत जातो, कुरकुर नाही की अडकणं नाही. फक्त चित्र आरशातलं होतं आणि किंचित अस्पष्ट, कारण रसायनाचा थर दुसऱ्या बाजूला गेलेला असतो. बोलक्या फितीला एका बाजूला ध्वनिपट्टी, भोकं एकाच कडेला, त्यामुळे तिथे ही चूक लगेच कळते. खडकीकर, दुसरं दृश्य इतरांपेक्षा थोडं धूसर आहे ना? आणि त्याच्या आधी-नंतर जोड दिसतोय का? स्कॅनमध्ये नाही, फितीवर बघा. नख फिरवलं तरी लागतो.

आणखी एक. कोडॅकच्या फितीच्या कडेला बारीक चिन्हं असतात: वर्तुळ, चौकोन, त्रिकोण. त्यावरून फीत कोणत्या साली तयार झाली ते कळतं. चिन्हं २० वर्षांनी पुन्हा तीच येतात, आणि कारखान्यानुसार तक्ता थोडा बदलतो. प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंची चिन्हं भिंगातून बघून चौकटीसकट फोटो टाका.

कृपा करून ती फीत प्रोजेक्टरवर चढवू नका. व्हिनेगरसारखा वास येतोय का?

खडकीकर

थोडासा येतो. मामा म्हणाला डब्यात लोणचं ठेवलं असेल कुणी.

रिळवाली

लोणचं नाही, फीत कुजायला लागली आहे. डबा बंद ठेवू नका, थंड कोरड्या जागी ठेवा, फ्रिजच्या वरती नाही. १६ मिमी नेहमी 'सेफ्टी' फितीवरच आली, त्यामुळे पेट घेण्याची भीती नाही. ३५ मिमी नायट्रेट असती तर मी तुम्हाला आत्ताच्या आत्ता घराबाहेर ठेवायला सांगितलं असतं. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेटच्या फितींना लागलेली आग ज्यांना आठवते, त्यांना कारण विचारावं लागणार नाही.

सुभेदार_नि

नमस्कार. खडकीच्या बेस वर्कशॉपमधून निवृत्त, ईएमई (लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारं दल). नातीनं हा धागा दाखवला.

शेवटच्या दृश्यातला ट्रक शक्तिमान आहे. आखूड गोल नाक, चार मोठी चाकं, मागेही एकेरीच. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनला, पहिला १९५९ साली बाहेर पडला. ४८ सालच्या सोलापुरात तो येणं शक्य नाही. हाताखालून इतके गेलेत की चौकटीत नुसता मडगार्ड दिसला असता तरी सांगितलं असतं.

चहाचे मग एनॅमलचे आहेत आणि मधला जवान कपातला चहा मडगार्डवर ठेवून बिडी शोधतोय. त्याला आत्ता ओरडा बसणार आहे.

सोलापुरी_चादर

😂 सुभेदारसाहेब, जरा पुढं बघा, खरंच एक जण येतोय त्याच्याकडं.

शंकेखोर

म्हणजे १९४४ चा ली, १९५९ नंतरचा शक्तिमान, आणि डब्यावर १९४८. मामांना कुणी सांगायचं?

रणगाडाप्रेमी

थांबा, इतक्यात नाही. गाडी फक्त 'याच्या आधी नाही' एवढं सांगते, 'याच्या नंतर नाही' असं कधीच सांगत नाही. लष्कर गाडी सहजासहजी टाकत नाही. आपल्या डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचं उदाहरण घ्या. १९४५ ला मेइक्तिलाच्या लढाईत त्यांच्याकडे शर्मन होते, आणि १९६५ ला असल उत्तरला पाकिस्तानी पॅटनसमोर उभे राहिले तेव्हाही शर्मनच, तोफ तेवढी लांब नळीची ७६ मिमी. एखाद्याला नुसता शर्मन दिसला आणि त्यानं चित्रण महायुद्धाचं ठरवलं तर वीस वर्षांचा घोटाळा. म्हणून नंतरची हद्द दुसरीकडून शोधावी लागते: गणवेश, बिल्ले, पाट्या, फितीची कड.

चौथ्या दृश्यातली चिलखती पेटी याच कारणानं गप्प बसते. तो इंडियन पॅटर्न कॅरिअर, ज्याला सगळे 'टाटानगर' म्हणायचे. चासी आणि इंजिन कॅनडाच्या फोर्डचं, चिलखत जमशेदपूरच्या टाटांच्या पोलादाचं. इंजिन मागे, म्हणून पुढे बॉनेट नाही, ड्रायव्हर थेट नाकापाशी. १९४० ते ४४ दरम्यान ४,६५५ बनल्या आणि आफ्रिका, इटली, ब्रह्मदेश सगळीकडे फिरल्या. भारतीय बनावटीची इतकी महत्त्वाची गाडी, पण इंग्रजी माहितीपटांत तिच्या खाली दर वेळी 'हंबर' (ही ब्रिटिश चिलखती गाडी) लिहिलेलं असतं. हंबरला बुरूज असतो हो! इतकं तरी बघा.

तर ही गाडी ४८ ला सोलापुरात असू शकते, ४३ ला इंफाळात असू शकते. दृश्य कोरड्या मैदानावरचं आहे, एवढंच.

शौर्य_७१

नगरला रणगाड्यांचं म्युझियम आहे तिथे हे सगळे आहेत का? लहानपणी शाळेची सहल गेली होती, पॅटनवर चढलो म्हणून मार खाल्ला होता.

रणगाडाप्रेमी

सगळे नाहीत, पण डोळा तयार करायला त्याहून चांगली जागा जवळपास नाही. १९९४ चं संग्रहालय. मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, एएमएक्स-१३, विजयंता, पॅटन. सेंच्युरियन आणि विजयंता शेजारी बघितले की चाकांच्या जोड्यांतला फरक कायमचा कळतो. पॅटनमध्येही एम४७ आणि एम४८ वेगळे करा: एम४७ च्या पुढच्या पत्र्यात मशिनगनचं भोक आहे, एम४८ ला नाही, आणि त्याचं नाक होडीसारखं गोल. आणि चढू नका.

खडकीकर

भिंग घेऊन बसलो होतो. जोड चार सापडले, म्हणजे दृश्यं पाच आणि तुकडेही पाच. जीपेच्या दोन्ही बाजूंना नख लागतं. कडेच्या चिन्हांचे फोटो रिळवालींना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केले आहेत.

पहिल्या दृश्यात ०:५२ ला एक अधिकारी मडगार्डला टेकून नकाशा बघतोय. स्कॅन मोठा केला तर खांद्यावर मुकुट दिसतो, तारे नाहीत. चौकट टाकली आहे.

सुभेदार_नि

मेजर. मुकुट आहे म्हणजे २६ जानेवारी १९५० च्या आधीचं. नंतर तिथे अशोकस्तंभाचे सिंह आले.

रिळवाली

फोटो बघितले, तक्त्याशी ताडून.

पहिला, दुसरा आणि चौथा तुकडा: तिन्हींची चिन्हं एकच. साल निघतं १९२८, १९४८ किंवा १९६८. तिन्ही रिव्हर्सल फिती आहेत, म्हणजे कॅमेऱ्यात गेलेली फीत हीच, मध्ये निगेटिव्ह नाही, त्यामुळे चिन्हं दुसऱ्या फितीवरून उतरलेली नाहीत. तेरावी कॅब १९२८ ला नव्हती. मुकुट १९६८ ला नव्हता. पहिल्या तुकड्यापुरतं तरी राहिलं १९४८. फीत त्या साली बनली, चित्रण त्याच वर्षी किंवा थोडं नंतर. जीप आणि टाटानगर त्याच फितीचे दिसतात.

तिसरा तुकडा, लीचा, छापील प्रत आहे. दाणा वेगळा, काळा रंग वेगळा. त्या काळी बातमीपटांचे १६ मिमी तुकडे घरी दाखवायला विकत मिळायचे, त्यातला असावा. पाचव्याची चिन्हं १९६० च्या दशकातली.

कुणीतरी स्वतःची चित्रणं आणि एक विकतचा तुकडा जोडून घरी दाखवायचं रीळ केलं आहे. डबा पहिल्या तुकड्याचा, नाव तेच राहिलं.

शंकेखोर

म्हणजे मामा बरोबर. निदान तीन पंचमांश.

सोलापुरी_चादर

खडकीकर, ०:३१ ची चौकट पूर्ण आकारात पाठवा. रविवारी नळदुर्गाला चाललोय, पूल बघून फोटो टाकतो. कमानी मोजल्या की कळंल.

खडकीकर

पाठवली. रीळ संग्रहालयात द्यायला मामा तयार आहे, पण आधी त्याला शंभर वेळा दाखवायचंय सगळ्यांना. स्कॅनवरूनच दाखव म्हटलंय.

गॅरेजवाला_नाना

सगळं झालं, पण जीप विलीसची की फोर्डची ते कुणी विचारलंच नाही. सुलट्या चौकटीत बंपरच्या मागे, जाळीच्या खाली बघा. दोन चासी पट्ट्यांना जोडणारा आडवा भाग गोल नळीचा आहे की चौकोनी?

खडकीकर

गोल वाटतोय. चौकट डकवली आहे, अंधूक आहे पण कळतंय.

गॅरेजवाला_नाना

गोल नळी म्हणजे विलीसची चासी. फोर्डची चौकोनी असते. बॉडीबद्दल मी शपथ घेणार नाही, लष्करी वर्कशॉपमध्ये एकाची बॉडी दुसऱ्याच्या चासीवर रोज चढायची. सुभेदारसाहेब सांगतील.

सुभेदार_नि

चढायची. आणि बोल्टच्या डोक्यावर 'एफ' छापलेला दिसला तर तो फोर्डचा. एकाच जीपेला दोन्ही प्रकारचे बोल्ट मिळाले आहेत.